लिहिल्यावर मन हलकं होण्याऐवजी जड होतं. पद्धत चुकते आहे का?

पेरुगेट

वडिलांना जाऊन आठ महिने झाले. दुःख आहेच, पण त्याहून राग जास्त आहे. दवाखान्यावर, नातेवाइकांवर, थोडा त्यांच्यावरही. जो तो सांगतो, 'लिहून काढ, मोकळं वाटेल.' म्हणून रोज रात्री जेवणं उरकली की तासभर वहीत लिहिणं चालू आहे. तीच घटना, तीच माणसं, तेच प्रश्न. वही मिटल्यावर झोप लागत नाही.

तीन गोष्टी नेमक्या कळल्या तर बरं होईल. किती वेळ, केव्हा आणि काय लिहायचं? पूर्वी कविता व्हायच्या, आता कागदावर येतं ते निव्वळ रडगाणं. त्याचं काय करायचं? आणि लिहिण्याशिवाय हातांना काही काम आहे का, जे पेठेतल्या दोन खोल्यांत, पातळ भिंतींच्या आत, हजार रुपयांत होईल?

'सकारात्मक विचार करा' कृपया नको. तो सल्ला पोत्याने मिळाला आहे.

शाईचा डाग

रात्री, रोज, तासभर आणि तेच ते. या चारही गोष्टी बदला.

'लिहा म्हणजे मोकळं वाटेल' हा सल्ला ज्या कामावरून सगळीकडे पसरला ते मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचं. 1986 साली सँड्रा बील यांच्याबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांवर जो प्रयोग छापला, त्यात सलग चार दिवस, रोज फक्त 15 मिनिटं लिहायचं होतं. लिहून उठल्यावर मुलांचं मन उलट खालावलेलंच होतं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, आजारपणासाठी डॉक्टरकडे जाणं कमी झालं त्यात. तेव्हा वही मिटल्यावर तासभर जड वाटलं म्हणजे काही बिघडलं असं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीही तेवढंच जड असेल आणि हे आठवडाभर चाललं असेल, तर ते लिहिणं उरलेलं नाही, नुसतं रवंथ आहे.

अपेक्षाही माफक ठेवा. या पद्धतीचा परिणाम सरासरीने लहानच निघतो. जोडीदार नुकताच गमावलेल्या माणसांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या, 2002 साली छापलेल्या अभ्यासात तर अशा लेखनाने दुःख लवकर ओसरल्याचं दिसलं नाही. लिहून दुःख जात नाही. त्यातला गुंता थोडा सुटतो, आणि रागाच्या बाबतीत तेवढंही पुष्कळ असतं.

आता कृती. वेळ संध्याकाळची, झोपेच्या आधी निदान दोन-तीन तास. पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी सुरुवात करून देतं. त्यानंतरची दहा मिनिटं हातापायांच्या कामाला द्या: भाजी निवडा, कुकर लावा, जिना दोनदा चढउतार करा. ही दहा मिनिटं वगळून लोक थेट फोन हातात घेतात आणि मनात उघडलेलं सगळं तसंच उघडं राहतं. चार दिवस झाले की किमान आठवडाभर लिहिणं पूर्ण बंद.

पहिल्या दिवशी एकच प्रसंग घ्या. तो घडला त्या क्रमाने लिहा: कोण कुठे उभं होतं, कोण काय म्हणालं, तुमच्या अंगात काय झालं (घसा, पोट, हात). दुसऱ्या दिवशी राग, पण एकाच माणसावरचा. सगळ्यांचा हिशेब एका बैठकीत मांडू नका. तिसऱ्या दिवशी तोच प्रसंग स्वतःला 'तो' किंवा 'ती' म्हणून, स्वतःचं नाव घालून लिहा. हे विचित्र वाटतं, पण मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या कामातून दिसलेलं आहे की स्वतःकडे असं बाहेरून पाहिलं की माणूस त्याच त्या चक्रात कमी अडकतो. चौथ्या दिवशी आज काय बदललं आहे ते: घरातलं कोणतं काम आता कोण करतं, कोणाशी बोलणं थांबलं, कोणाशी सुरू झालं.

'का' हा शब्द चार दिवस टाळा. 'असं का झालं', 'ते असे का वागले' याला उत्तर देणारं माणूसच राहिलेलं नाही, म्हणून पेन गोल फिरतं. 'काय झालं', 'कसं झालं', 'त्यानंतर काय' असं विचारलं की वाक्य पुढे सरकतं. पेनेबेकर यांनी पुढे लिखाणातले शब्द संगणकाने मोजले, तेव्हा ज्यांच्या लेखनात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' असे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. पहिल्या आणि चौथ्या दिवशीचं लिखाण शब्दाला शब्द सारखं असेल, तर हा उपाय तुमच्यासाठी सध्या नाही असं समजा.

वही नको, सुटे कागद घ्या. वहीत मागची पानं चाळली जातात आणि सकाळी-सकाळी कालचा राग पुन्हा पोटात जातो. शिवाय घरातल्या कोणाच्या हाती वही पडेल ही धास्ती असली की माणूस खरं लिहीतच नाही. कागद आठवडाभर लिफाफ्यात ठेवा. मग वाचायचे तर वाचा, नाहीतर बारीक फाडून बादलीत भिजवून टाका. जाळू नका. गॅलरीतून धूर निघाला की सोसायटीच्या चेअरमनांना लिहायला विषय मिळतो.

एखादी गोष्ट लिहायला घेतली आणि श्वास अडकला, हात थरथरले, तर ती सोडून दुसरी घ्या. तीच उकरलीच पाहिजे असा नियम नाही.

सहासहासहाचार

वरचं सगळं ठीक, पण त्यातून कविता होत नाही आणि होऊही नये. तो कच्चा माल आहे. 'रडगाणं' जे म्हणताय ते बहुधा मुक्तछंदात येत असणार. मन फुटलेलं असताना मुक्तछंद सगळ्यात अवघड, कारण थांबायचं कुठे हे तो सांगत नाही. म्हणून मोजून लिहा.

अभंगाचा मोठा प्रकार घ्या. चार चरण: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. एकूण बावीस अक्षरं. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार-विसर्ग वेगळे मोजायचे नाहीत. 'चष्म्याच्या' म्हणजे तीन अक्षरं. लघु-गुरूची भानगड नाही.

नवखे लोक बहुतेक असं लिहितात:

काळीज हे माझे । दुःखाने भरले । डोळे पाणावले । रात्रंदिन ॥

मोजून पाहा, अक्षरं बरोबर आहेत, यमकही आहे. पण यातून कोण गेलं ते कळत नाही. कोणाच्याही घरी चालेल. आता हे:

खुंटीवर टोपी । दारात चपला । चहाही निवला । कपामध्ये ॥

यात दुःख हा शब्द नाही. वस्तू आहेत आणि त्या वापरणारा माणूस नाही. काम एवढ्यावर होतं.

कृती अशी. लिफाफ्यातले कागद आठवड्याने काढा आणि हात लावता येईल अशा वस्तूंच्या नावांखाली रेघ मारा: औषधाची डबी, पासबुक, स्कूटरची किल्ली, सुपारीचा अडकित्ता. दहा तरी निघतात. त्यातल्या तीनच निवडा. त्या तीन पहिल्या तीन चरणांत बसवा आणि चौथ्या चरणात जागा किंवा वेळ टाका ('कपामध्ये', 'गुरुवारी', 'कपाटात'). 'वेदना', 'आसवे', 'काळोख', 'पोरका', 'आठवणी' या पाच शब्दांवर महिनाभर बंदी. 'तो', 'हे', 'की' अशी भरतीची अक्षरं एका अभंगात एकापेक्षा जास्त येत असतील, तर चरण पाडून नव्याने बांधा.

इथे बिघडतं ते यमकामुळे. 'बाबा'ला यमक शोधताना 'ताबा' आणि 'दाबा' येतात आणि कविता भलतीकडे जाते. उपाय सोपा: यमकाचा शब्द आधी ठरवूच नका. तिसरा चरण आधी लिहा, मग दुसरा. क्रियापदांना यमक पटकन मिळतं (निवला, उरला, विरला), नुसत्या नावांना मिळत नाही.

राग लिहायचा असेल, तर अभंगापेक्षा जात्यावरची ओवी जास्त कामाची. ती दोन ओळींची, अक्षरांचं काटेकोर माप नाही, आणि ती कोणाला तरी उद्देशून असते. बायका जात्याला, बयेला, बंधवाला, शेजारणीला सांगत. सासरच्या छळाची, नवऱ्याच्या माराची गाऱ्हाणी त्यांत उघड आहेत, आणि तीही त्याच घरात बसून गायलेली. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याच मूळ आवाजात ऐकायला मिळतात. दहा-बारा ऐका, मग तुमचा राग एखाद्या वस्तूला सांगा. दवाखान्याला सांगायला गेलात तर तक्रार अर्ज होतो; दवाखान्यातल्या बाकड्याला सांगा.

आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. निदान महिनाभर तरी. तिकडून हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडतो आणि पुढची ओळ आपण त्या चित्रांसाठी लिहायला लागतो.

वेताळटेकडी

रागाबद्दल एक इशारा. कोणीतरी लवकरच सांगेल की उशी बडव, बाटल्या फोड, टेकडीवर जाऊन ओरड. ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात चिडलेल्या लोकांना ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत पिशवी बडवायला दिली. त्यांचा राग शांत बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. आपटण्याने रागाची रंगीत तालीम होते, बाकी काही नाही.

माती मात्र घ्या. शाडू दोन किलो पुरे. गणपतीच्या आधी दोन-तीन महिने शहरात कुठेही मिळते, एरवी मूर्तीच्या कारखान्यांत किंवा कुंभारवाड्यात विचारा. कोरडी पावडर मिळाली, तर पाणी मातीत ओतू नका, पाण्यात माती भुरभुरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी वरचं पाणी काढून जुन्या सुती कापडावर पसरा. बोटाला चिकटेनाशी झाली की दहा-पंधरा मिनिटं तळव्याच्या टाचेने मळा. हे मळणं टाळू नका. आत हवा आणि गुठळ्या राहिल्या की वाळताना तिथेच तडा जातो.

करायचं काय? वडिलांचा चेहरा करायला जाऊ नका. चेहरा जमत नाही, आणि न जमलेला चेहरा पुढ्यात घेऊन बसणं फार वाईट. मुठीत मावेल एवढा गोळा घ्या, अंगठा मधोमध दाबा आणि फिरवत-फिरवत वाटी करा. भिंत साधारण एक सेंटिमीटर, सगळीकडे सारखी. कड पातळ आणि बूड जाड राहिलं तर कड आधी आकसते आणि वाटी चिरते. वाळवायची तर सावलीत, पहिले दोन दिवस ओल्या फडक्याखाली, पंख्याच्या वाऱ्यात नाही.

वाळवलीच पाहिजे असंही नाही. न भाजलेला शाडू पाण्यात परत विरघळतो. आज केलेली वाटी उद्या बादलीत, परवा पुन्हा गोळा. ज्यांना 'चांगलं झालं पाहिजे' हा रोग असतो त्यांना हे विशेष मानवतं. बादलीतलं गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतू नका, नळाचा पाइप तुंबतो; गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी कुंड्यांना घाला.

बैठक पाऊण तासाची ठेवा. गिरिजा कैमल यांच्या 2016 च्या अभ्यासात 45 मिनिटं माती, मार्कर किंवा चिकटकामात घालवल्यावर 39 पैकी सुमारे पाऊण लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) उतरलेलं आढळलं, आणि आधी कला येत होती की नाही याने फरक पडला नाही. छोटा अभ्यास आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे डोक्यावर घेऊ नका. पण पाऊण तास हे माप सोयीचं आहे.

खर्ज

कोणी 'अमुक राग ऐका, नैराश्य जातं' असं सांगायच्या आत लिहितो: रागांचे असे औषधी तक्ते फॉरवर्डमध्येच शोभतात.

संगीतोपचारात एक जुनी, वापरातली पद्धत आहे. आधी मनाच्या आहे त्या अवस्थेशी जुळणारं ऐकायचं, मग हळूहळू वळवायचं. म्हणून उदास असताना एकदम लावणी लावली तर चीड येते. सात गाण्यांची यादी करा: पहिली तीन आत्ता जसं वाटतंय तशी, मधली दोन त्याच लयीची पण शब्द नसलेली (सतार, बासरी), शेवटची दोन थोडी चालती. एकूण अर्धा तास. यादी संपली की बंद. पहिलीच तीन गाणी पुन्हा-पुन्हा लावणं हे वर म्हटलेलं रवंथच.

पातळ भिंतींसाठी: तोंड मिटून खालच्या सा वर गुणगुणा. श्वास चार मोजत घ्या, आठ मोजत सोडा, दहा आवर्तनं. शेजारी कळत नाही. घसा भरून आला तर स्वर तुटेल, तुटू द्या, पुढच्या श्वासाला परत धरा. चक्कर आली तर आठचं सहा करा.

ऐकणारा कान

चर्चा छान चालली आहे, तिला खीळ घालत नाही, पण ही मोजपट्टी जवळ ठेवा. राग आणि दुःख आठ महिन्यांनी असणं यात वावगं काही नाही. पण ओढ आणि दुःख इतकं तीव्र असेल की बहुतेक दिवशी कामधंदा, जेवणखाण, माणसांत जाणं बंद पडलंय, आणि मृत्यूला सहा महिने उलटून गेलेत, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत त्याला लांबलेला शोक असं वेगळं निदान आहे आणि त्यावर नेमके उपचार आहेत. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं, वहीचं नाही. दोन आठवडे सलग झोप उडाली असेल तरी दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल, तर रात्र उलटायची वाट पाहू नका: टेली-मानस, 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं.

आणखी एक. शोकाचे अभ्यासक स्ट्रोब आणि शुट यांनी 1999 मध्ये मांडलेली गोष्ट इथे लागू पडते. शोकातलं माणूस गेलेल्याकडे आणि चालू आयुष्याकडे असं मागेपुढे होत राहतं, आणि तसं होणंच निकोप. रोज रात्री ठरवून दुःखातच बसणं म्हणजे एकाच बाजूला खुंटा ठोकणं. लाइट बिल भरण्यात, नळवाल्याशी वाद घालण्यात गेलेला दिवस वाया गेलेला नसतो.

पेरुगेट

सगळ्यांचे आभार. झोप पाच-साडेपाच तास होते आहे, काम चालू आहे, 14416 लिहून ठेवला आहे. संध्याकाळची पंधरा मिनिटं आजपासून.

कपाटात वडिलांचे सात शर्ट आहेत आणि आजीची एक सुती सहावारी. देऊन टाकायला मन होत नाही, पाहवतही नाहीत. याचं काही होऊ शकतं का? शिवणाचा अनुभव बटण लावण्यापुरता.

धावदोरा

गोधडी. बटण लावता येतं ना, मग धावदोरा येतो.

सुरी-कात्री हातात घेण्याआधी तीन कामं. घरातल्या प्रत्येकाला विचारा की कोणता कपडा कापायचा नाही. बहिणीला नेमका तोच निळा शर्ट हवा असतो, आणि कापल्यावर तो परत होत नाही. काही घरांत गेलेल्याचे कपडे ठेवत नाहीत. वडीलधाऱ्यांना ते खटकणार असेल, तर आधीच बोला, गोधडी पूर्ण झाल्यावर नाही. आणि एक शर्ट न धुता, न कापता, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवून द्या. अंगाचा वास एका धुण्यात जातो.

माप लहान घ्या: 90 बाय 120 सेंटिमीटर, मांडीवर घेण्यापुरतं. पलंगभर गोधडी सुरू करणारे निम्मे लोक ती अर्धवट गाठोड्यात बांधून ठेवतात. सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद. तिची चौपदरी घडी घातली की साधारण 135 बाय 110 चा चार थरांचा पाया आपोआप तयार होतो. म्हणजे आजीची साडी आत आणि खाली, वडिलांचे शर्ट वर. साडी कापायचीही गरज नाही, वाढीव कडा शेवटी वर दुमडून गोट होतो.

आधी सगळं कोमट पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, इस्त्री करा. खळीच्या कापडातून सुई जात नाही आणि पहिल्या धुण्यात ते आकसून चुण्या पडतात. मग प्रत्येक कापड दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहा; चर्र आवाज आला तर ते वर लावू नका, आतल्या थरात टाका.

शर्टाची कॉलर, कफ, बटणपट्टी काढा. पाठीतून चार आणि पुढच्या दोन भागांतून दोन-दोन, असे एका शर्टाचे आठ चौकोन निघतात. शिवून 15 सेंटिमीटर उरायला हवेत, म्हणून कापताना 17 चे कापा, पुठ्ठ्याचा साचा करून. 6 गुणिले 8, म्हणजे 48 चौकोन, सहा शर्ट. खिसा असलेला एक चौकोन तसाच ठेवा, खिशासकट. वर कोणी अभंगाची कृती दिली आहे, ती चिठ्ठी ठेवायला जागा होते. चौकोन आधी आडव्या पट्ट्यांत जोडा, मग पट्ट्या एकमेकींना. हे जोडकाम मशीनवर करून घेतलं तरी चालेल, गल्लीतला शिंपी करून देतो. वरचे टाके मात्र हाताने.

पाया फरशीवर पसरा, कडा चिकटपट्टीने फरशीला ताणून लावा, वर शर्टांचा थर ठेवा. आता मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, एकेका वितीवर, पाच-सहा सेंटिमीटरचे लांब कच्चे टाके घाला. हे कंटाळवाणं काम गाळलं की थर सरकतात, मधे फुगा येतो आणि तो शेवटपर्यंत कडेला ढकलत न्यावा लागतो. मग पक्का धावदोरा: जाड सुती दोरा, मोठ्या नाकाची सुई, टाका अर्धा सेंटिमीटर, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. दोरा हातभरापेक्षा लांब ओवू नका, पीळ पडून गाठी होतात. गाठ थरांच्या आत लपवा. एका जागी पाच थर आणि शिवणीची जाडी आली की सुई अडते, तिथे एकेक टाका घ्या, चार एकदम ओढायला गेलात की सुई मोडते. बोटाला अंगुस्तान हवंच. सुया, दोरा, अंगुस्तान तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत मिळून जातं आणि हजारातले बरेच पैसे उरतात.

वेळेचा हिशेब: 120 सेंटिमीटरच्या एका ओळीला वीस-पंचवीस मिनिटं, अशा पस्तीसेक ओळी. रोज एक ओळ धरली तर महिना-सव्वा महिना. एक ओळ झाली की घडी घालून ठेवा. रात्री झोप येईना म्हणून चार-चार ओळी ओढू नका. मान आणि डोळे धरतात, आणि टाके उसवावे लागतात.

टाके वाकडे येतील. उसवू नका, धुतल्यावर दिसत नाहीत.

पेरुगेट

शर्ट काढून पाहिले. सातांपैकी पाच टेरिकॉटचे (पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचे) आहेत, दोनच सुती. थांबावं का?

धावदोरा

त्या पिढीतल्या शर्टांचं असंच असतं. थांबू नका, रचना बदला.

टेरिकॉट आकसत नाही, सुती आकसतं, म्हणून चौकोन एकाआड एक लावले की दोन धुण्यांत वरचा थर सुरकुततो. सुती दोन शर्टांचे सोळा चौकोन 4 गुणिले 4 असे मधोमध लावा; 60 बाय 60 चा तुकडा होतो. भोवती दुसरं कोणतंही जुनं सुती कापड, धोतर किंवा पंचा असेल तर उत्तम: वर-खाली 30 सेंटिमीटरची पट्टी आणि दोन्ही बाजूंना 15 ची. शिवणीसाठी प्रत्येक पट्टीच्या कडांना एकेक सेंटिमीटर जास्त धरा. साडी एकदा नव्हे, दोनदा कोमट पाण्यातून काढा, म्हणजे जे आकसायचं ते आधीच आकसेल.

टेरिकॉटच्या पाचांपैकी एक तो न धुता ठेवायचा शर्ट. बाकी चारांच्या उशा करा. शर्ट बटणं लावून उलटा करा, बाह्या काढून काखेची भोकं शिवा, गळ्याखालून सरळ शिवण मारा, खालची कड शिवा, बटणांतून सुलटा करा आणि आत जुनी उशी सरकवा. 40 बाय 40 ची उशी मध्यम मापाच्या शर्टात बसते. बटणपट्टी पुढेच राहते, त्यामुळे वेगळी चेन लागत नाही. टेरिकॉटवर इस्त्री मंद ठेवा, वर ओलं फडकं टाकून; जास्त तापली तर कापड चकाकतं आणि तो डाग जात नाही. सुई बारीक घ्या. गोधडीची जाड सुई वापरली की भोकं तशीच दिसत राहतात.